वायरी उलट्या न्हाईत, पावणं!

गाणाऱ्याला टाळ्या मिळतात, वाजवणाऱ्याला वाहवा मिळते. साउंडवाल्याला काय मिळतं? किस्से! कारण साधं आहे. गाणारे स्टेजवर, लाइटच्या झोतात. त्यांना पब्लिक म्हणजे समोर नुसता काळोख. मी मात्र मिक्सर घेऊन पब्लिकच्या मधोमध बसलेला. कोण काय पुटपुटलं, कुणी कुणाला कोपरानं ढोसलं, कुणी गुपचूप डोळे पुसले, सगळं माझ्यासमोर. कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळून पेटीत जातात, पण किस्से काही गुंडाळता येत नाहीत. ते साठतच जातात. परवा चहाच्या गाड्यावर मित्रांनी धरलंच, "मुरली, तुमच्या त्या जोडीचं एकदा ओळीनं सांग की!" म्हटलं, ओळीनं जमेल असं नाही, पण सांगतो.

आधी जोडी कोण ते ऐका.

सर्जेराव मगदूम आमच्या शिरोळकडचा, ऊसवाला. उंची अशी की दारातून येताना मान वाकवावी लागते. मनगट माझ्या पोटरीएवढं. मिशा कानाकडं निघालेल्या. आणि आवाज? कोवळा, पातळ, गोड! फोनवर बोलला की पलीकडचा हमखास म्हणणार, "वहिनी, जरा सर्जेरावला द्या की."

दुसरी नसीम मुजावर. जयसिंगपुरात तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. चण एवढीशी, माईकचा स्टँड अगदी खाली आणावा लागतो. आवाज मात्र असला भरदार, असला खोल, की पहिल्यांदा तिचा माईक तपासताना मी बेस कमी करायला गेलो. बेस आधीच झिरोवर होता!

दोघांनीही या आवाजापायी आयुष्यभर ऐकून घेतलेलं. शाळेच्या प्रार्थनेला नसीमला बाई सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव." सर्जेराव उसाला पाणी पाजताना, आसपास कुणी नाही बघून, एकटाच गायचा. दोघांच्या ओळखीतल्या एका लग्नात जेवणं झाल्यावर माईक मोकळा होता, तेव्हा मांडवातल्या माणसांनी आग्रहानं दोघांना उभं केलं. साउंड माझाच होता. मी ऐकलं आणि म्हटलं, बाबांनो, ही जोडी परत सापडायची नाही, कार्यक्रम बसवा! मग पेटीवाला आणि तबलजी जमवले, स्वतःची गाणी बांधली आणि नाव ठेवलं 'खर्ज आणि तार'. खर्ज म्हणजे खालचा सूर, तो नसीमचा. तार म्हणजे वरचा, तो सर्जेरावचा. दिवाळीनंतर शिरोळ तालुक्यातली गावं घ्यायची, मग जत्रा, आणि जमलंच तर थेट कोल्हापूर, असा दौरा ठरला.

पहिल्या कार्यक्रमाला निघताना सर्जेराव गाडीत म्हणाला, "मुरलीअण्णा, एक सांगून ठेवतो. पहिल्या गाण्याला माणसं हसली, तर मी दुसरं म्हणणार न्हाय. गाडीत येऊन बसणार."

नसीम म्हणाली, "मग मागची सीट माझ्यासाठी ठेव, दादा."

मी आपली बीपीची गोळी तेवढी घेतली.

*

गाव नदीकाठचं. देवळापुढं मांडव, माणसं खच्चून भरलेली. पडदा सरकला, दोघं दिसले, आणि पब्लिकनं आपापल्या मनात ठरवून टाकलं की कुणाचा आवाज कसा असणार.

सर्जेरावनं तोंड उघडलं. पातळ, गोड तान निघाली. मांडव गप्प! मग नसीमनं सूर लावला. मांडव आणखी गप्प! आता हसतात का काय म्हणून मी डोळेच मिटून घेतले.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर काठी टेकली. मागं एक फेटेवाले आजोबा.

"ओ साउंडवालं, वायरी उलट्या जोडल्यासा!"

"न्हाई हो आजोबा."

"न्हाई कसं? ह्या गड्याचा आवाज त्या पोरीच्या तोंडातनं निघतोय आणि पोरीचा गड्याच्या. डोळं फुटल्यात व्हय माझं?"

"वायरी उलट्या न्हाईत, पावणं! आवाजच तसं हायत."

आजोबा गेले. मला वाटलं, मिटलं. दुसरं गाणं चालू असताना परत आले, सोबत गावातला मोटारी दुरुस्त करणारा वायरमन घेऊन! त्यानं माझ्या मिक्सरमागं वाकून एकेक वायर बोटानं तपासली आणि मान हलवली. "सगळं बरोबर हाय, आजा."

तरी आजोबांचं समाधान होईना. गाणं संपल्या संपल्या ते सरळ स्टेजवर चढले. दोघांना म्हणाले, "माईक बदला बगू एकमेकांचे."

नसीमनं आपला माईक सर्जेरावला दिला, सर्जेरावनं आपला नसीमला. दोघांनी एकेक ओळ म्हटली. अर्थातच आवाज होते तसेच! सगळा मांडव श्वास रोखून बघत होता. आजोबांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, कपाळाला हात लावला आणि माईकमध्येच म्हणाले,

"मग आता माणसंच बदलाय लागणार!"

मांडव असा काही हसला, की देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली. आणि सगळ्यात जोरात कोण हसत होतं? सर्जेराव आणि नसीम. हसता हसता दोघांनी तिसरं गाणं उचललं. गाडीकडं कुणी गेलं नाही. मी मात्र मिक्सरवर डोकं टेकवून मिनिटभर तसाच बसलो. सुटलो बाबा!

*

जयसिंगपूरच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स छापायला दिला होता. छापणाऱ्याला खर्ज हा शब्द ठाऊक नसावा. त्यानं आपल्या अकलेनं शुद्धलेखन सुधारलं आणि चौकात भला मोठा फ्लेक्स लागला, 'खर्च आणि तार'. खाली सर्जेरावचा मिशांसकटचा फोटो.

नवीन छापायला वेळ नव्हता. आम्ही म्हटलं, जाऊ दे, कोण वाचतंय!

कार्यक्रमाच्या आधी एक शेतकरी पावणा हॉलवर आला. डोक्याला टॉवेल, पायात भिजलेली चप्पल. सर्जेरावसमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, कुंपणाच्या तारेचं तुम्हीच बगतासा न्हवं? डुकरांनी ऊस लोळवलाय सगळा. काय खर्च येतोय, आणि सरकार किती देतंय, सांगा की."

दुसरा कुणी असता तर हाकलून दिलं असतं. पण सर्जेराव स्वतः ऊसवाला! तो खाली बसला आणि म्हणाला, "तुमचं रान वड्याकडंला हाय की आत?" झालं! दोघं रंगले. खांब सिमेंटचा घ्यावा का लाकडाचा, डुक्कर कुठल्या कोपऱ्यातनं शिरतं, तार किती पदरी लावायची. इकडं हॉल भरलेला, तबलजी तबला लावून कंटाळलेला, नसीम दारातनं खुणा करतेय. शेवटी मीच गेलो. "सर्जेराव, चला की, माणसं खोळंबल्यात!"

पावणा चपापला. "म्हंजे? हितं अजून काय हाय?"

"गाणं हाय."

"कोण गाणार?"

"हेच की!"

पावण्यानं सर्जेरावला पायापासून मिशांपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाला, "आलोयच हाय तर बसतो."

बसला तो पहिल्याच रांगेत, अगदी शेवटपर्यंत. जाताना माझ्याजवळ थांबला. टॉवेल झटकून परत डोक्याला बांधला आणि म्हणाला, "तारेचं काय झालं न्हाई. पण डुकराची आठवण न्हाई आली, बगा, एवढा येळ!"

आमच्या गाण्याची याहून चांगली समीक्षा अजून कुणी केलेली नाही.

*

नरसोबाच्या वाडीचा कार्यक्रम दुपारचा होता, एका मंगल कार्यालयात. दर्शनाला आलेली माणसं जेवणं करून ऐकायला बसली होती. हॉलला मधोमध जाडजूड खांब, आणि एक नऊवारीतल्या आजी नेमक्या खांबामागं बसलेल्या. म्हटलं, "आजी, पुढं या की, तिथनं दिसत न्हाई." तर म्हणाल्या, "मला बघायचं न्हाई रं. ऐकायचंय. पाठ टेकाय खांब बरा हाय."

सर्जेरावनं गवळण म्हटली. आजींचे डोळे मिटलेले, मान डोलतेय. गवळण संपली तशी त्या उठल्या आणि बाहेर पडल्या. मला वाटलं, कंटाळल्या.

कार्यक्रम संपला. आम्ही मागच्या खोलीत चहा घेत होतो, तर आजी दारात! हातात नारळ, खण, मूठभर तांदूळ. देवळापुढच्या दुकानातनं घेऊन आल्या होत्या.

"ती गवळण म्हटलेली ताई कुठाय? ओटी भरायची हाय तिची. अशी गोड गळ्याची लेक मी ह्या जन्मात ऐकली न्हाई."

नसीमनं पदर तोंडाला लावला, तिला हसू आवरेना. तबलजी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी हळूच सर्जेरावकडं बोट केलं.

सर्जेराव उठून उभा राहिला. बिचाऱ्याची मान खाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरलेला दिसला. म्हणाला, "आजी... ती गवळण मी म्हटली." त्या आवाजावरनंच आजींना खरं ते कळलं.

त्यांनी मान वर करकरून त्याला पाहिलं. मला वाटलं, आता नारळ पिशवीत घालून निघणार. पण आजी पुढं झाल्या. "वाक खाली," म्हणाल्या. सर्जेराव वाकला. त्यांनी त्याच्या गळ्यातला टॉवेल दोन्ही टोकांनी पसरला, त्यात तांदूळ, खण, नारळ सगळं घातलं आणि म्हणाल्या,

"धर! गळा देवानं दिलाय, मिशा तू वाढवल्यास. मी देवाकडं बघून ओटी भरतीय."

सर्जेराव त्या दिवशी घरी जाईपर्यंत टॉवेल छातीशी धरून बसला होता. नारळ फोडूया का म्हणून विचारलं, तर नाही म्हणाला.

*

हा पुढचा छोटाच आहे.

एका गावात पहिल्या रांगेत एक बाळंतीण माहेरवाशीण बसली होती, मांडीवर तान्हं. पोर असं रडत होतं, की माझ्या मॉनिटरमधून तेच ऐकू यायचं. आजूबाजूचे वैतागले. तेवढ्यात नसीमचं संथ गाणं सुरू झालं. तिनं खालचा सूर धरला, आणि पोर गप्प! दोन ओळींत गाढ झोपलं.

ही बातमी गावोगाव कशी पसरली देव जाणे. पुढच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत तान्हीच तान्ही! नसीम गाणार, पोरं झोपणार, मग आया निवांत गाणं ऐकणार. नसीम मला म्हणायची, "अण्णा, पब्लिक झोपलं म्हणून मी खूश व्हायचं, व्हय?"

एकदा तिनं गाणं संपवलं, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांत एक बाई उठून कळवळून ओरडली,

"वन्समोर, ताई, वन्समोर! उठलं बगा परत!"

*

सर्जेरावच्या वडलांना सगळे तात्या म्हणतात. जुना करारी माणूस. पोरगा गातो हे त्यांना ठाऊक होतं, पण गावात कुणी विचारलं तर सांगायचे, "पार्टीची गाडी चालवाय जातोय." पोरानं बाप्यासारखा आवाज काढावा म्हणून लहानपणी त्याला आडात तोंड घालून ओरडायला लावलं होतं म्हणे. आवाज काही बदलला नाही. बापलेकाचं बोलणं तेवढं कमी झालं.

आणि मग कार्यक्रम ठरला तो त्यांच्याच गावात! सर्जेरावला "तात्या येणार हायत का?" विचारलं, तर म्हणाला, "न्हाई यायचे. आले न्हाईत तर बरंच."

तात्या आले. गाणं सुरू झाल्यावर, लाइट मंद झाल्यावर, मागच्या बाजूनं. आणि बसले नेमके माझ्या शेजारच्या खुर्चीत.

आमच्या मागं गावातली पाचसहा तरणी पोरं उभी होती. सर्जेरावनं वरचा सूर लावला, तसं त्यातल्या एकानं शिट्टी मारली आणि ओरडला, "ए मावशीऽऽ! नाद खुळा!" बाकीचे खिदळले. सर्जेरावचा सूर थरथरला. मिक्सरवरच्या काट्याला कळलं, मला कळलं, आणि शेजारी तात्यांनाही कळलं.

"मावशीऽऽ!" परत तेच.

तात्या उठले. हातात काठी. मी म्हटलं, आता इथं डोकी फुटणार, कार्यक्रमाचा सत्यानाश! मी त्यांचा हात धरायला गेलो, पण ते निघालेच. त्या शिट्टीवाल्यासमोर जाऊन उभे राहिले. काठी उचलली नाही, आवाजही चढवला नाही.

"काय म्हनलास रं तू त्याला?"

पोरगं चाचरलं. "काय न्हाय तात्या, असंच... मावशी म्हनलं."

"मावशी म्हंजे आईची भन न्हवं?"

"व्हय."

"ती तुझी मावशी, म्हंजे तुझी आई माझी ल्येक. मग मी तुझा कोण?"

पोरगं बोटांवर नातं मोजायला लागलं. शेजारचाच हळूच म्हणाला, "आजा."

"हां. आजा सांगतोय. खाली बस आणि मावशीचं गाणं ऐक!"

सगळी पोरं मुकाट खाली मातीत बसली. तात्या परत माझ्या शेजारी येऊन बसले. काठी दोन पायांमध्ये धरली, हनुवटी काठीवर टेकवली. थोड्या वेळानं, स्टेजवरची नजर न काढता मला म्हणाले, "साउंडवालं, जरा वाढवा की आवाज. मागं ऐकाय येत न्हाय."

मी वाढवला. स्पीकर फुटला असता तरी चाललं असतं!

*

मग उन्हाळ्यात आमच्यावर संकट आलं. नसीमचा आवाज बसला. आधी वाटलं, सर्दी. काढे झाले, गुळण्या झाल्या, आवाज येईना. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. स्वरतंतूवर गाठ. बारकी होती, पण काढायला लागणार. "साधं ऑपरेशन आहे," डॉक्टर म्हणाले, "पण आवाज थोडा बदलू शकतो."

बदलू शकतो म्हणजे? आमचा सगळा कार्यक्रमच त्या एका आवाजावर उभा! सर्जेराव दवाखान्याच्या जिन्यात बसून म्हणाला, "अण्णा, नसीमचा आवाज पातळ झाला तर मी गाणं सोडणार. एकाच स्टेजवर दोन सर्जेराव काय कामाचे?"

ऑपरेशन झालं. मग बोलायची पूर्ण बंदी. नसीम दुकानात खुणांनी मापं घ्यायची. बायका येऊन बसायच्या आणि तिला बोलता येत नाही म्हणून आपलं सगळं सांगून जायच्या. तिचा नवरा अस्लम रिक्षा चालवतो. बंदी उठली त्या सकाळी तो धावत माझ्याकडं आला. डोळे भरलेले.

"बोलली, अण्णा! बोलली!"

"काय म्हणाली?"

"मी तिच्या कानाशी सारखं 'बोल, बोल' करत होतो, तर म्हणाली, 'गप!' लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गप म्हटल्याचा एवढा आनंद कधी झाला न्हवता!"

बोलणं वेगळं आणि गाणं वेगळं. पुढं महिनाभर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं हळूहळू रियाज झाला, आणि परतीचा पहिला कार्यक्रम लागला तो कोल्हापुरात! मोठं नाट्यगृह, मऊ खुर्च्या, इस्त्रीची माणसं. नसीमनं डॉक्टरांना पास दिले होते. ते बायकोबरोबर येऊन बसले माझ्याच पुढच्या रांगेत.

सर्जेरावची दोन गाणी झाली. मग नसीम आली. तिनं डोळे मिटले. डॉक्टर खुर्चीच्या कडेवर सरकले. मी तिच्या माईकच्या फेडरवर, म्हणजे आवाज वरखाली करायच्या खिट्टीवर, बोट ठेवलं.

तिनं सूर लावला, आणि नाट्यगृहाच्या फळ्या घुमल्या! खोल, भरदार, आणि खरं सांगू? आधीपेक्षाही अर्धा सूर खाली!

डॉक्टरांनी वळून माझा दंडच धरला. कुजबुजले, "ओ, आवाज पहिल्यासारखा आहे ना?"

"तुम्ही ऐकला न्हवता व्हय आधी?"

"कुठला ऐकणार! आली तेव्हा आवाज बसलेला. नंतर मीच बोलायची बंदी घातली. मी हिला गाताना आत्ता पहिल्यांदा ऐकतोय! सांगा ना, कसा आहे?"

"डॉक्टर," मी म्हटलं, "आवाज आधीपेक्षा खाली गेलाय."

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक. "खाली गेला? अरे देवा!"

"आवो, खाली गेला म्हंजे लई बेस झालं! आमच्यात खालीच लागतो तो!"

डॉक्टर खुर्चीत असे मागं पडले, की खुर्ची कर्रकन वाजली. त्यांच्या बायकोनं पर्समधून पाण्याची बाटली काढून दिली. मध्यंतरात विंगेत जाऊन डॉक्टर नसीमला भेटले. आम्हाला वाटलं, काही पथ्य सांगणार. ते एवढंच म्हणाले, "बाई, रात्रभर झोपलो नव्हतो."

*

आणि आता शेवटचा. हा सांगताना मी नेहमी चहा बाजूला ठेवतो.

त्या पावसाळ्यात कृष्णेला पाणी आलं. शिरोळकडची गावंच्या गावं हलवली. जयसिंगपुरातल्या एका मंगल कार्यालयात माणसं आणून ठेवली होती. गाद्या, गाठोडी, म्हातारी माणसं. नसीम तिथं रोज जायची, कपडे गोळा करून द्यायची, फाटकं शिवून द्यायची. सर्जेराव बोटीवर होता. एका दुपारी तो चिखलानं भरलेला तिथं आला, मी जेवणाच्या पिशव्या घेऊन गेलो होतो, असे तिघं एकत्र पडलो. व्यवस्था बघणारे गुरुजी म्हणाले, "माणसं नुसती बसून हायत हो. कोण कुणाशी बोलत न्हाई. तुम्ही काहीतरी म्हणा की."

सर्जेराव म्हणाला, "गुरुजी, ह्या वक्ताला गाणं?"

गुरुजींनी भिंतीकडं बोट केलं. तिथं एक बाई, शेवंताक्का, भिंतीकडं तोंड करून बसलेली. आली तेव्हापासून अशीच. गोठ्यात पाणी शिरलं, बोटवाले म्हणाले, आधी माणसं. तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं म्हशीचं दावं विळ्यानं कापलं आणि "जा, गंगे" म्हणून तिला पाण्यात सोडली. घरचं माणूस दुसरं कुणी नाही. तेव्हापासून धड जेवण नाही, बोलणं नाही.

लाइट नव्हती. माईक नाही, स्पीकर नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच जोडीच्या कार्यक्रमाला रिकाम्या हातानं बसलो.

सर्जेरावनं भजन म्हटलं. दोनचार जणांनी हळूहळू टाळ्यांवर ताल धरला. एक म्हातारा पुटपुटत म्हणायला लागला. शेवंताक्कानं मान वळवली नाही.

मग नसीमनं सुरुवात केली. पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्याच्याही खालून तिचा सूर निघाला. लांबच लांब.

तो संपतो न संपतो तोच कार्यालयामागून आवाज आला.

"आँऽऽऽव!"

माणसं इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. नसीमही हसली. कुणीतरी म्हणालं, "ताई, मागं पण साथ द्यायला कोणतरी हाय!" तिनं परत सूर लावला. परत मागून तेच, आधीपेक्षा जोरात.

शेवंताक्का उभी राहिली होती. कधी उठली, कुणाला कळलं नाही.

"गप!" ती सगळ्या हॉलवर ओरडली. मग नसीमकडं बघून म्हणाली, "तू न्हवं, बाई. तू म्हण. परत म्हण तसंच."

नसीमनं डोळे मिटले आणि तो सूर लावला.

"आँऽऽऽव!"

"माझी गंगी हाय ती!" शेवंताक्का पळत सुटली. अनवाणी, डोक्यावरचा पदर गळ्यात. तिच्यामागं गुरुजी, गुरुजींमागं बायका, मग म्हातारे, मग सगळा हॉल! उंचावरच्या बांधावर अडकलेली जनावरं पोरांनी सोडवून आणली होती, ट्रॉली नुकतीच मागच्या अंगणात उभी राहिली होती. त्यात मधोमध एक म्हैस, खांद्यापर्यंत चिखल, गळ्यात कापलेल्या दाव्याचं टोक लोंबतंय. शेवंताक्का ट्रॉलीवर चढली आणि तिच्या मानेला तिनं मिठी मारली.

इकडं नसीमनं डोळे उघडले. समोर नुसत्या गाद्या आणि गाठोडी.

"दादा," ती म्हणाली, "माणसं कुठं गेली सगळी?"

सर्जेरावनं मागच्या दाराकडं बोट केलं. तो चिखलाच्या हातानं डोळे पुसत होता, त्यामुळं मिशांपर्यंत सगळा चिखल.

बऱ्याच वेळानं माणसं परत आली, भिजलेली, एकमेकांशी मोठमोठ्यानं बोलत. सगळ्यात शेवटी शेवंताक्का आली. लुगडं निथळतंय, हाताला चिखल. भिंतीकडची आपली चटई तिनं उचलली, ओढत ओढत सगळ्यांच्या पुढं आणली, नसीम आणि सर्जेरावसमोर अंथरली आणि मांडी घालून बसली.

"हं," ती म्हणाली, "म्हणा आता पहिल्यापासनं. मगाधरनं काय ऐकाय येत न्हवतं."